जुनाट दुखणे आणि मन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांचा परिचय होतो, वसतिगृहाच्या निधीचा हिशेब वाचला जातो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या विषयावर आज आम्हाला चार शब्द बोलावयाचे आहेत, त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. आपल्या प्रत्येक कुटुंबात निदान एक माणूस असे असते की ज्याचे काही ना काही रोज दुखते. कोणाची कंबर, कोणाचे गुडघे, कोणाची मान, कोणाचे अर्धे डोके. हे दुखणे एका दिवसाचे नसते. ते वर्षानुवर्षे घरातल्या माणसासारखे घरात राहते. अशा दुखण्याशी मनाचा संबंध काय, हा आजचा विषय होय.

आरंभीच सांगितले पाहिजे की आम्ही वैद्य नाही, मानसशास्त्राचे पंडितही नाही. आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकविली. आमचा अधिकार असेल तर तो इतकाच, की गेली अठरा वर्षे कंबरेच्या दुखण्याशी आमचा संसार चालू आहे, आणि त्या निमित्ताने या विषयावर जाणत्यांनी जे लिहिले ते आम्ही होता होईल तो वाचले. दुसरेही एक कारण आहे, ते सांगणे आम्हास जड जाते. परंतु ते सांगितल्यावाचून या व्याख्यानास अर्थ नाही.

आमच्या मातोश्री पन्नाशीनंतर गुडघे व कंबर यांच्या दुखण्याने कायमच्या पिडल्या गेल्या. तरुणपणी त्यांनी पेरणीपासून निंदणापर्यंत आणि कापसाच्या वेचणीपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सर्व कष्ट केले होते. औषधे झाली, लेप झाले, शेक झाले, दुखणे राहिले. तपासणाऱ्यांना फारसे काही सापडेना, तेव्हा आम्ही घरातल्या शहाण्या माणसांनी असा निष्कर्ष काढला की आईला लक्ष वेधून घेण्याची सवय लागली आहे. एकदा पाहुण्यांसमोर त्या उठताना कण्हल्या, तेव्हा आम्ही हसून म्हणालो, “आईचे हे रोजचेच आहे.” त्या दिवसानंतर त्या आमच्यासमोर कधी कण्हल्या नाहीत. आम्हास वाटले, दुखणे बरे झाले. त्या गेल्या, आणि तेराव्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी आम्हास त्यांचे शब्द सांगितले. त्या म्हणत, “दुखते तर दुखते बाई, पण कोनी खरं मानत नाही ना, ते जास्त दुखते.”

पुढे आमची स्वतःची कंबर धरली, तेव्हा या वाक्याचा अर्थ आम्हास कळला. तोवर क्षमा मागण्यास कोणी उरले नव्हते.

आता विषयाकडे वळू. वेदना ही मुळात शत्रू नव्हे. विंचू चावला, विस्तवावर हात पडला, हाड मोडले, तर वेदना आपल्याला सावध करते आणि इजा झालेला अवयव स्वस्थ ठेवावयास लावते. ज्याला वेदना होत नाही त्याचे काय होते, हे कुष्ठरोगाने जगाला दाखविले. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे काम करताना असे दाखवून दिले की कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती बहुतांशी रोगाने नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि अवयव जातो. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु पहारेकऱ्याचे काम चोर येताच ओरडण्याचे. चोर निघून गेला, दारे लागली, तरीही तो रात्रंदिवस ओरडतच राहिला तर? जुनाट वेदनेत पुष्कळ वेळा असेच घडते. वैद्यकशास्त्रात तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस जुनाट वेदना म्हणतात. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तर काही जुनाट वेदनांना, त्या दुसऱ्या कोणत्या रोगाचे लक्षण नसल्या तरी, स्वतंत्र व्याधी म्हणून स्थान मिळाले आहे. मूळ इजा भरून येते, पण मज्जासंस्था अधिक हळवी झालेली असते. पूर्वी जेथे नुसता स्पर्श जाणवे तेथे आता कळ येते.

यात मन कोठे आले, असे कोणी विचारील. आपल्या भाषेनेच याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ‘दुखणे’ हा शब्द ‘दुःख’ या शब्दापासून आला. शरीराला जे होते आणि मनाला जे होते, त्यांना आपल्या पूर्वजांनी एकाच कुळातील नावे दिली. वेदनेच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने 1979 साली केलेल्या आणि 2020 साली सुधारलेल्या व्याख्येतही हेच म्हटले आहे, की वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अप्रिय अनुभव आहे. त्याच वेळी त्या संस्थेने असेही बजावले की, जो मनुष्य ‘मला दुखते’ असे सांगतो, त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. हे वाचले तेव्हा आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

एकच जखम सर्वांना सारखी दुखत नाही, हे दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन डॉक्टरच्या ध्यानात आले. त्यांचे नाव हेन्री बीचर. इटलीच्या रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना त्यांनी वेदनाशामक औषध हवे का, असे विचारले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटले. ही माहिती त्यांनी 1946 साली प्रसिद्ध केली. पुढे नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्यांशी त्यांनी तुलना केली, तर तेथे औषध मागणारे पुष्कळच अधिक निघाले. बीचर यांनी याचा उलगडा असा केला, की सैनिकाच्या दृष्टीने ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याची वाट होती, आणि नागरिकाच्या दृष्टीने ती संकटाची सुरुवात होती. आपण आपल्या दुखण्याचा काय अर्थ लावतो, यावरही ते किती दुखते हे अवलंबून असते.

हे कसे घडते, याचा विचार 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडला. ओलीत करताना शेतकरी दांडातील पाण्याला कोठे मातीचा बांध घालून अडवितो, कोठे बांध फोडून पुढे सोडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांच्या मते पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांसाठी असेच एक दार आहे. गुडघा आपटला की आपण तो चोळतो. त्या चोळण्याने दार थोडे लागते. आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे दार उघडू किंवा लावू शकतात. भीती, चिंता, खिन्नता, जागरण ही दार उघडी ठेवतात. धीर, गुंतलेले चित्त, विश्वासाचे माणूस आणि हालचाल ही दार लावतात. या विचाराच्या तपशिलात पुढे फेरफार झाले. परंतु मेंदू वेदना केवळ ऐकत नाही, तर ती कमीजास्तही करतो, हे तत्त्व टिकून राहिले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनाचा संबंध आहे याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नव्हे. ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य आपल्या घरांत सहज बोलले जाते, आणि ते ऐकणारा माणूस आतून मोडतो. आम्हालाही एके ठिकाणी तपासणीनंतर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून वाटेस लावण्यात आले होते. दुखत होते ते खरेच दुखत होते. मनाचा संबंध ज्वारीच्या पिकाशी पावसाचा असावा तसा आहे. पाऊस म्हणजे पीक नव्हे, पण पावसावाचून पिकाचा विचार करता येत नाही.

याच्या उलटही एक गैरसमज आहे. आमच्या कंबरेचा फोटो काढल्यावर ‘मणक्यात गॅप आहे’ असे आम्हास सांगण्यात आले. त्या एका शब्दाने आम्ही जितके घाबरलो तितके दुखण्याने घाबरलो नव्हतो. आम्ही वाकणे सोडले, शेतात जाणे सोडले, भजनाला मांडी घालून बसणे सोडले, शेगावची पायी वारी सोडली. आज हा ‘गॅप’ शब्द खेडोपाडी पोचला आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की, ज्यांना पाठीचे काहीच दुखणे नाही अशा विशीतील माणसांपैकी सुमारे 37 टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातील सुमारे 96 टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या होत्या. डोक्याचे केस पिकावे तशीच ही पुष्कळ अंशी वयाची खूण आहे. फोटोतली झीज आणि माणसाची वेदना यांचे माप सारखे नसते.

आता मनाचे कोणते व्यापार दुखणे वाढवितात, ते क्रमाने पाहू.

पहिली भीती. हललो तर अधिक बिघडेल, या भीतीने माणूस हलत नाही. न हलल्याने स्नायू दुबळे होतात. दुबळे स्नायू थोड्याशा कामानेही दुखतात. आणि ते दुखले की भीती खरी होती असे वाटते. घाण्याच्या बैलासारखा माणूस याच फेऱ्यात फिरत राहतो. आम्ही त्यात सहा वर्षे फिरलो.

दुसरी अनर्थाची कल्पना. रात्री कळ आली की मन म्हणते, आता हे कधीच थांबणार नाही, उद्या अंथरुणाला खिळणार, मुलांवर भार होणार. कळ क्षणाची असते, पण ही कल्पना तिला वर्षांची करून टाकते. असे विचार ज्यांच्या मनात वारंवार येतात त्यांना वेदना अधिक जाणवते, हे अभ्यासकांनी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

तिसरे, झोप आणि खिन्नता. दुखण्याने झोप जाते, झोप गेल्याने दुखणे वाढते. दुखण्याने मन खचते, खचलेल्या मनाला दुखणे अधिक होते. यांत आधी कोण आणि मागून कोण हा वाद निष्फळ आहे. दोहोंवर एकाच वेळी उपाय केला पाहिजे.

चौथी, पैशाची आणि कर्तेपणाची काळजी. आपला जिल्हा कोरडवाहू शेतीचा. सोयाबीनच्या सोंगणीत ज्याची कंबर धरली त्याला त्या दिवसाची मजुरी नाही, आणि घरचे शेत असले तर दुसऱ्याला मजुरी द्यावी लागते. कर्त्या पुरुषाला वाटते, आपण आता उपयोगाचे राहिलो नाही. ही बोच तो कोणाला सांगत नाही. ती आतल्या आत वाढली तर काय होते, हे आपल्या वऱ्हाडाला वेगळे सांगावयास नको.

पाचवे, एकटेपण. दुखणाऱ्या माणसाला लग्नकार्यात बसवत नाही, म्हणून तो जात नाही. तो येत नाही म्हणून लोक बोलावीत नाहीत. मग त्याला सोबत एका दुखण्याचीच उरते.

या सर्वांवर मात करता येते काय? याचे उत्तर आपल्याच विदर्भात आहे. हिंगणघाटास 1914 साली जन्मलेले मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे यांनी वकिली सोडून वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारले, हे आपण जाणता. परंतु त्यांच्या पाठीच्या कण्याच्या विकाराचा विचार आपण क्वचितच करतो. त्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. शस्त्रक्रिया झाल्या, तरी अनेक वर्षे त्यांना एक तर उभे राहावे लागे, नाही तर आडवे पडावे लागे. अशा स्थितीत डिसेंबर 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रेस निघाले. तरुण मुलेमुली सायकलींवर आणि सत्तरीचे बाबा वाहनात आडवे पडून. पुढे 1990 साली ते आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी जाऊन राहिले. 9 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्यांची वेदनाच हरवली होती अशा माणसांची सेवा करणाऱ्याच्या वाट्याला अखंड वेदना यावी, हा योग विलक्षण होय.

बाबांचे उदाहरण देताना आम्हास एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. घरातल्या दुखणाईतास ‘बाबा आमटे पाहा, आणि तुम्ही पाहा’ असे म्हणून टोचू नये. बाबांपासून घ्यावयाचे ते इतकेच, की त्यांनी दुखणे जाण्याची वाट पाहिली नाही. बसता येत नाही तर आडवे पडून जाऊ, असा मार्ग काढला. आणि ते एकटे नव्हते. साधनाताई होत्या, मुले होती, हजारो सहकारी होते. त्यांच्याभोवती जी माणसे होती, तशी माणसे आपल्या घरच्या दुखणाईताभोवती आहेत काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. प्रथम योग्य तपासणी करून घ्यावी. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पायातील शक्ती किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, कर्करोग पूर्वी होऊन गेला असेल, तर दिरंगाई न करता रुग्णालय गाठावे. तेथे मनाच्या गोष्टी सांगत बसू नये. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. त्या जठरास व मूत्रपिंडास अपाय करतात. नाव नसलेल्या पुड्या तर कोणीही दिल्या तरी घेऊ नयेत.

तपासणीत धोका नाही असे ठरले, म्हणजे हालचालीस आरंभ करावा. आम्हास एका समजूतदार डॉक्टरांनी ‘किती दुखते’ असे न विचारता ‘दुखण्यामुळे काय काय सोडले’ असे विचारले. यादी मोठी निघाली. मग त्यांनी सांगितले, घरापासून पिंपळापर्यंत रोज जा, बरे वाटले तरी पुढे जाऊ नका आणि दुखले तरी आधी परतू नका. आठवड्याने थोडे वाढवा. यातील मर्म असे की, आपण बरे वाटेल त्या दिवशी चार दिवसांचे काम उरकतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढतो. ते मोडावयाचे. झेपेल तितके आणि रोज तितकेच. आज आम्ही दोन कोस चालतो. दुखणे गेले काय? नाही. पण पूर्वी दुखणे आमचा दिवस ठरवी, आता दिवस आम्ही ठरवितो. भजनासही जातो, खुर्चीवर बसतो, इतकेच.

झोपेची वेळ ठरलेली असावी. श्वास सावकाश घेऊन अंग सैल सोडण्याचा अभ्यास करावा. मन फारच खचले असेल तर मानसोपचार घेण्यात कमीपणा मानू नये. त्याने माणूस वेडा ठरत नाही. विचारांची दिशा बदलण्याचे पद्धतशीर उपचार जुनाट वेदनेतही उपयोगी पडतात. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेशी 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

घरच्यांसाठी तीनच गोष्टी. पहिली, विश्वास ठेवा. दुसरी, सर्व कामे काढून घेऊ नका. ‘तू पडून राहा’ ही माया वाटते, पण तिने माणूस निकामी ठरतो. त्याला झेपणारे काम त्याचेच राहू द्या. तिसरी, दिवसभर दुखण्याचीच विचारपूस करू नका. पिकाचे, नातवंडांचे, गावचेही बोला.

शेवटची गोष्ट भगिनींसंबंधी. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, पुरुषांना जे माफ ते स्त्रियांना दोष कसे, असा रोखठोक प्रश्न केला. आम्ही त्यात आमच्या विषयापुरती भर घालतो. पुरुषाची कंबर दुखली तर ती कष्टाने दुखली, आणि स्त्रीची दुखली तर ती कुरकुर, असे का? आपल्या घरांतील कितीतरी सासवा, सुना, काकू, आत्या आपले दुखणे पदराआड ठेवून पंगती वाढीत असतात. आजच्या या मांडवातही असतील.

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. पुढील मेळाव्यापासून पंगतीत वडीलधाऱ्यांसाठी टेबल-खुर्चीची सोय असावी, आणि ती मागावी न लागता असावी. दर महिन्याच्या सभेस जोडून तासभर अशी बैठक घ्यावी, की जेथे जुनाट दुखण्याची माणसे एकत्र बसतील, थोडी चालतील, आपापले अनुभव सांगतील. यास खर्च फारसा नाही. जागेचा प्रश्न आला तर आमच्या घरची ओसरी मोकळी आहे.

आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकाने इतके करावे. आपल्या घरात जे माणूस कण्हते, त्याच्याजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे, “फार दुखते का?” उत्तर येईल ते मध्ये न तोडता ऐकावे. आम्हाला हा प्रश्न विचारावयाचे माणूस राहिले नाही. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी ते अजून आहे.